बोट अडली तर? युद्धाच्या काळात शाश्वततेवर खर्च करावा का

प्रश्न विचारणारे रावेर तालुक्यातले आहेत. घरची केळी, सहा वर्षांपूर्वी उभं केलेलं पॅकहाउस, प्री-कूलिंगच्या, म्हणजे माल पाठवण्याआधी गार करायच्या, चार खोल्या. माल आखातात जातो, अधूनमधून इराणला. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "दर सहा महिन्यांनी जगात नवीन काहीतरी पेटतं. कधी लाल समुद्र, कधी इराण, कधी अमेरिकेचं आयातशुल्क. दुबईचा खरेदीदार कार्बनचा हिशेब मागतो, बँक सोलरला कर्ज द्यायला तयार आहे. अशा वेळी सस्टेनेबिलिटीवर पैसा घालावा, की जग शांत होईपर्यंत थांबावं? मोठ्या कंपन्या नेमकं काय करतात?"

भाऊ, जग शांत होण्याची वाट बघणार असाल तर आधी एक जुनी गोष्ट ऐका. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. आपल्या खानदेशात कपाशीला सोन्याचा भाव आला. लोकांनी धान्याच्या जमिनीत कपाशी लावली, कर्जं काढली. १८६५ ला ते युद्ध संपलं आणि भाव कोसळला. कर्जं मात्र तशीच राहिली. म्हणजे परक्या मुलखातल्या लढाईने आपल्या भागाचा हिशेब बिघडण्याला दीडशे वर्षं होऊन गेली. लढाई सुरू झाल्याने जेवढं नुकसान झालं, त्याहून जास्त ती संपल्याने झालं. तेव्हा "शांत होईपर्यंत थांबू" हे धोरण म्हणून फारसं कामाचं नाही.

मी गेली सत्तावीस वर्षं ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो. जिनिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याचा कारखाना), डाळ मिल, पाइप, चटई, शीतगृह, असं सगळं बघून झालंय. त्यातून मी एकच कसोटी वापरायला शिकलो. शाश्वततेच्या नावाखाली कोणताही खर्च पुढे आला की विचारायचं: बोट अडली तर हा खर्च मला किती दिवस तगवेल? बोट म्हणजे खरीच बोट असं नाही. डिझेलचा टँकर, पोटॅश खताचं जहाज, सोलरच्या इन्व्हर्टरचं कार्ड, खरेदीदाराचे पैसे, काहीही. जो खर्च दूरच्या माणसावरची तुमची मदार कमी करतो, तो युद्धकाळात आधी करायचा. जो फक्त अहवालात दिसतो, तो मागे. आणि जो दिसायला हिरवा पण मदार वाढवणारा, त्याच्या वाटेला जायचंच नाही. या तिसऱ्या प्रकारात मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय, ते पुढे सांगतो.

मोठ्या कंपन्यांचं विचारलंत. त्यांच्यात आणि देशांतही गेल्या काही वर्षांत सरळ दोन गट पडलेले दिसतात. ज्यांची शाश्वतता घोषणेत होती त्यांनी काढता पाय घेतला. बीपीसारख्या तेल कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये अक्षय ऊर्जेवरचा खर्च कापून पुन्हा तेल-वायूकडे मोर्चा वळवला. कर्जांमागचं कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायला मोठमोठ्या बँकांनी मिळून केलेली नेट-झिरो बँकिंग अलायन्स २०२५ च्या ऑक्टोबरात गुंडाळली गेली. दुसरीकडे युरोपचं बघा. २०२१ मध्ये त्यांच्या आयात गॅसपैकी साधारण ४५ टक्के रशियाचा होता. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये सैन्य घुसलं. त्या वर्षी युरोपने घाबरून कोळशाची बंद केंद्रंही पुन्हा चालू केली, हे खरं. पण त्याच धक्क्यात सौर, पवन, हीट पंप, गॅसची बचत यांना जोर आला, गॅसही दुसऱ्या देशांतून आणला, आणि २०२४ पर्यंत रशियन गॅसचा वाटा २० टक्क्यांच्या खाली उतरला. पर्यावरणाच्या प्रेमापोटी हे झालं असं मला वाटत नाही. अडवणूक होऊ शकते हे कळलं, म्हणून झालं. तुमच्या पॅकहाउसलाही मी याच नजरेने बघायला सांगेन.

आता तुमच्या आवारात येऊ. तुम्ही सोलरपासून सुरुवात करताय. मी तुम्हाला आधी काटा असलेला थर्मामीटर घ्यायला सांगेन, ज्याची सुई केळीच्या गरात खुपसता येते. बाजारात पाचशे-हजार रुपयांत मिळतो.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. दुपारी अकराला कापलेला घड ट्रॉलीत उघडा पडून दोनला तुमच्याकडे येतो. गराचं तापमान घ्या, ३८ भरेल. तोच घड पहाटे पाचला कापून, हिरव्या जाळीखालून, नऊच्या आत आणला तर २८ च्या आसपास असतो. एका कंटेनरचा माल धरा, सुमारे २० टन. तो ३८ वरून १४ अंशांवर आणायला, यंत्रणा बरी असेल तर, साधारण १८० युनिट वीज लागते. २८ वरून आणायला १०४-१०५. फरक पंच्याहत्तर युनिटचा. यात फळाच्या श्वसनाची उष्णता, पंखे, भिंतीतून येणारी धग धरलेली नाही, ती वेगळी. ही पंच्याहत्तर युनिट जर जनरेटरवर काढायची वेळ आली, तर लिटरला तीन-साडेतीन युनिटच्या हिशेबाने एकवीस ते पंचवीस लिटर डिझेल झालं. एका कंटेनरमागे. फक्त घड कधी कापला आणि कशाखालून आणला यावर.

यासाठी बँकेचं कर्ज लागत नाही. लागते ती कापणीच्या टोळीशी नीट बोलणी. पहाटेच्या कामाचे पैसे थोडे जास्त द्यावे लागतात आणि टोळीचा मुकादम पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं करतो. एका ठिकाणी मी हे सुचवलं तेव्हा मुकादमच म्हणाला, "आप्पा, आमले बी उन्हात मराची हौस नही." चार दिवसांत तोच पुढे होऊन पहाटे ट्रॅक्टर काढायला लागला. फायदा त्याचाही होता, कोणी त्याला विचारलं नव्हतं एवढंच.

खोल्यांची दारंही बघून घ्या. मी गेलो त्या दहा पॅकहाउसपैकी सात-आठ ठिकाणी दाराचं रबर फाटलेलं आणि पट्ट्यांचा पडदा वर बांधून ठेवलेला असतो, कारण ढकलगाडी अडकते. पडदा खाली सोडा, गाडी बदला.

मग सोलर. घालाच, पण दोन गोष्टी डोळसपणे.

पहिली अशी की नेहमीचं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, सोलर वीज गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. पण विकणारा हे सांगत नाही. परिणामी मेच्या भर दुपारी, डोक्यावर ऊन जाळत असताना, छतावरचे शंभर किलोवॉट मुके बसलेत आणि खाली जनरेटर डिझेल पितोय, हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय विचारू नका. यावर उपाय आहे: जनरेटर आणि सोलर यांना एकत्र चालवणारा कंट्रोलर. जनरेटर किमान ३० टक्के भारावर धरून बाकीचा भार तो सोलरकडे देतो. हा सुरुवातीलाच कोटेशनमध्ये मागा. नंतर बसवायचा म्हटलं की वायरिंग उकरावं लागतं.

काही जण म्हणतात, दिवसा खोल्या जास्त गार करून ठेवू म्हणजे रात्री मशीन कमी चालेल. बटाट्याच्या शीतगृहात थोडंफार जमतं, केळीत नाही. १३ अंशांच्या खाली गेलं की सालीच्या आतल्या शिरा तपकिरी पडतात आणि फळ पिकल्यावर राखाडी, मळकट दिसतं. ते दुबईत उघडल्यावर कळतं, तोवर उशीर झालेला असतो. गारवा साठवायचा असेल तर तो खोलीत न साठवता बाहेर, बर्फाच्या टाकीत किंवा तापमान धरून ठेवणाऱ्या खास द्रावणाच्या पेट्यांत साठवा. दिवसा सोलरवर बर्फ जमवायचा आणि संध्याकाळी वीज महाग झाली की तो वापरायचा. लिथियम बॅटरीपेक्षा हे आपल्या भागात दुरुस्तीला सोपं. गावातला फ्रिजचा मेकॅनिकही ते समजू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सोलर स्वतःच जगाच्या राजकारणात अडकलेलं आहे. पॅनेल बनवण्याच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. एप्रिल २०२२ मध्ये भारताने पॅनेलवर ४० टक्के आयातशुल्क लावलं, शिवाय सरकारी मान्यतेच्या यादीतलीच पॅनेलं घ्यायची सक्ती आली. आता देशी पॅनेल मिळतं, पण आतला सेल आणि तो ज्यापासून बनतो ती वेफर नावाची चकती कुठून आली ते विचारून बघा. पॅनेलची मला मोठी चिंता नाही. एकदा बसलं की पंचवीस वर्षं ते कोणाला विचारत नाही. डिझेल रोज विचारतं. चिंता इन्व्हर्टरची. जून २०२० मध्ये गलवानची चकमक झाली आणि बंदरांवर चिनी मालाची कसून तपासणी सुरू झाली. माझ्या एका ग्राहकाच्या इन्व्हर्टरचं कार्ड नेमकं तेव्हा जळालं. शंभर रुपयांचा भाग असेल, पण कार्ड यायला नऊ आठवडे लागले आणि छतावरचं सोलर तोवर शोभेला. तेव्हापासून मी एका मोठ्या इन्व्हर्टरऐवजी तीन-चार लहान सुचवतो. एक गेला तर पाऊण भाग चालू राहतो. दुरुस्तीचं केंद्र जळगाव, नाशिक, फार तर इंदूर इथे असलं पाहिजे.

आता माझी फजिती. दहा-अकरा वर्षांपूर्वी कांदा-लसूण वाळवणारा एक कारखाना होता. बॉयलर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, पांढऱ्या कोळशावर (भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर) चाले. धूर होई, राख होई, मजूर कंटाळत. त्यांच्या परदेशी खरेदीदाराच्या तपासनिसाला चिमणीचा धूर खटकला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि गॅसवर जायचा सल्ला दिला. स्वच्छ, सुटसुटीत, बटण दाबलं की वाफ. मालकाने बऱ्यापैकी पैसे घालून टाक्या, बर्नर बसवले. पहिली काही वर्षं मी तिथे गेलो की चहाबरोबर फरसाण येई. मग २०२२ उजाडलं. त्या मेमध्ये १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर दोन हजार तीनशेच्या वर गेला होता. यावरून मोठ्या टाक्यांच्या गॅसचं काय झालं असेल ओळखा. वाळवण्याच्या धंद्यात इंधन हाच मोठा खर्च. वाफेचा दर असा चढला की ऑर्डर घेणंच परवडेना. आणि बाहेर, दहा किलोमीटरच्या आत, शेतकरी पऱ्हाट्या बांधावर पेटवून देत होते.

मी काय चुकलो? मी धूर मोजला, मदार मोजली नाही. बांधावरचं इंधन सोडून आखातातून जहाजाने येणारं इंधन आणलं आणि त्याला हिरवं म्हटलं. खरा उपाय चिमणीला नीट धूळ पकडणारी यंत्रणा बसवणं, भट्टीत हवा बरोबर सोडणं आणि पऱ्हाटी कोरडी ठेवायला शेड बांधणं हा होता. अखेर तेच केलं. जुना बॉयलर सुदैवाने भंगारात गेला नव्हता. मालक भला माणूस, एवढंच म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी आपलं आहे ते आधी बघा." गॅसचा बर्नर आता आणीबाणीसाठी ठेवलाय, आणि तो तसा ठेवावाच. एकाच इंधनावर सगळं लटकवायचं नाही, मग ते पऱ्हाटीचं का असेना. पाऊस लांबला की तीही भिजते.

तुमच्या बाबतीत मदार कुठे आहे हे सांगू? शीतखोलीत थोडी आहे, पण सगळ्यात मोठी शेतात आहे. पोटॅश.

केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद आणि २०० पालाश (म्हणजे पोटॅशच) अशी शिफारस आपल्याकडे चालत आलेली. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी साडेचार हजारांच्या जवळ झाडं बसतात. म्हणजे पालाश नऊशे किलोच्या आसपास, पोत्यातल्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मोजलं तर हेक्टरी जवळजवळ दीड टन. हे खत भारतात खणून निघत नाही, सगळं बाहेरून येतं. आणि जगाच्या पोटॅश निर्यातीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल रशिया आणि बेलारूस या दोन देशांचा. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा आयात करार टनाला ३०० डॉलरच्या आत होता. २०२२ च्या सुरुवातीला तोच ५९० ला झाला. त्या हंगामात सावदा-फैजपूरकडे दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाईकालासुद्धा दोन पोत्यांवर बोळवत होते, आठवत असेल.

मग काय करायचं? आधी माती तपासा. तापीच्या काळ्या जमिनीत पालाश बहुतेक ठिकाणी भरपूर असतो, पण आपण वर्षानुवर्षं ठरलेला डोस टाकत राहतो, कारण शेजारचा टाकतो. ठिबकमधून थोडं थोडं, अवस्थेप्रमाणे सोडलं तर कमी लागतं. आणि घड कापल्यावर उरलेलं खोड, पानं, दांडा! झाडाने उचललेल्या पालाशचा मोठा भाग त्यातच राहतो. तो बांधावर फेकणं किंवा नाल्यात ढकलणं म्हणजे बेलारूसहून आणलेलं पोतं नाल्यात ओतणं. खोड कुट्टी करून जागेवरच कुजवा. पॅकहाउसमध्ये रोज पडणारे दांडे ट्रॉलीभर असतात, तेही ज्याच्या शेतातून आले त्याला परत द्या. तुमच्याकडे चाळीस-पन्नास शेतकरी माल देत असतील, तर हे काम एकट्याने करण्यापेक्षा कुट्टी मशीन पॅकहाउसनेच घेऊन फिरवावं. "कार्बनचा हिशेब" मागणाऱ्या दुबईच्या खरेदीदाराला दाखवायलाही हेच सगळ्यात जड पान आहे, कारण केळीच्या कार्बनमध्ये खताचा वाटा मोठा असतो. वायूपासून खत बनताना एकदा आणि नत्र जमिनीतून उडताना पुन्हा.

बाजाराबद्दल. लाल समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा ते चौदा दिवस जास्त. योगायोग असा की नेमकं त्याच सुमारास बारामतीहून केळीचा पहिला प्रायोगिक कंटेनर समुद्रमार्गे रॉटरडॅमला गेला होता. तुमचा माल आखातात जातो, त्यामुळे वळशाचा थेट फटका कमी. पण जहाजं वळली की रिकामे रीफर (गारवा ठेवणारे) कंटेनर वेळेवर परत येत नाहीत आणि न्हावा शेवा बंदरात टंचाई होते. तो फटका सगळ्यांना बसतो. आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी तापली, जशी जून २०२५ च्या इस्रायल-इराण लढाईच्या बारा दिवसांत तापली होती, तर मात्र तुमचं दारच अडतं.

इराणच्या मालाचं तर वेगळंच. पूर्वी आपण त्यांचं तेल घ्यायचो, त्याचे रुपये युको बँकेत साठायचे आणि त्यातून आपल्या निर्यातदारांचे पैसे फिटायचे. मे २०१९ मध्ये निर्बंध असूनही इराणचं तेल घ्यायला अमेरिकेने दिलेली सवलत संपली, तेल थांबलं, खातं आटत गेलं. केळी तीच, गिऱ्हाईक तेच, पैसे यायची वाट मात्र बुजली. म्हणून मी म्हणतो, एका देशात चाळीस टक्क्यांच्या वर माल जाऊ देऊ नका. हा चाळीसचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. आणि देशांतर्गत गिऱ्हाईक तोडू नका. निर्यातीचा भाव चढला की पॅकहाउसवाले दिल्ली-पंजाबच्या व्यापाऱ्याचा फोन उचलत नाहीत. बोट अडली की मग बऱ्हाणपूरच्या लिलावात मान खाली घालून उभं राहावं लागतं. जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उपयोग परदेशापेक्षा आपल्याच मोठ्या शहरांतल्या दुकानांत करून घेणारे अजून फार थोडे आहेत.

करार आणि विम्याचं एक वाक्य, कारण यात चांगले चांगले फसतात. जहाजाने जाणाऱ्या मालाच्या साध्या विम्यात केवळ उशिरामुळे खराब झालेला माल बसत नाही, आणि युद्धाचं कलम वेगळं घ्यावं लागतं. नाशवंत मालात नुकसान बहुतेकदा उशिरानेच होतं. पॉलिसी एजंटाकडून तोंडी न ऐकता स्वतः वाचा. भाडं वाढलं, युद्ध-अधिभार लागला तर तो कोणी सोसायचा हेही ऑर्डर घेतानाच लिहून घ्या.

आता कागद. वर मी कागदी शाश्वततेला मागे ढकललं, पण एक प्रकारचा कागद मी पुढेच ठेवीन: माल कुठून आला याचा माग. तुमचे मेहुणे धरणगावकडे जिनिंग चालवतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांचंच उदाहरण घेतो. जून २०२२ पासून अमेरिकेत असा कायदा लागू आहे की चीनच्या शिनजियांग प्रांतातला कापूस सक्तमजुरीचा आहे असंच धरलं जाईल. नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. त्यामुळे शर्ट विकणारा सूतगिरणीला विचारतो आणि सूतगिरणी जिनिंगला: ही गठाण कुठल्या गावच्या कापसाची? आणि जिनिंगच्या आवारात काय असतं? गावोगावच्या गाड्या एकाच गंजीवर रित्या होतात. १७० किलोची गठाण बाहेर पडते तेव्हा तिच्यात पाच तालुके असतात. गंज्या वेगळ्या ठेवायच्या, पट्टीवर गाव लिहायचं, गठाणीवर लॉटचा क्रमांक टाकायचा, एवढंच काम. पण आवार लागतं, शिस्त लागते आणि हंगामात गाड्यांची रांग लागली की मुनीम पहिली शिस्त हीच मोडतो. ज्यांनी पाळली त्यांना गिरण्या आधी विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काही महिन्यांपुरतं काढलं. जिनिंगवाल्यांना तर दुष्काळात तेरावा महिना. अशा वेळी निदान गिऱ्हाईक टिकवून ठेवायला हा माग उपयोगी पडतो, असं मी तीन-चार ठिकाणी पाहिलं.

तुमच्याकडे हेच काम सोपं आहे. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, कापणीची वेळ, गराचं तापमान, खोली क्रमांक, बॉक्सवरचा शिक्का. एक वही पुरते. युरोपच्या कार्बन सीमाकराची भीती कोणी घालत असेल तर सांगतो, तो केळीला लागू नाही. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांना तो आहे, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात. जळगाव एमआयडीसीतून पोलादाचा माल तिकडे पाठवणाऱ्याने त्याची काळजी करावी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा शाश्वतता अहवालही पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक आहे, तुम्हाला नाही. मात्र त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे प्रश्नावल्या पाठवतात, तेव्हा ही वही पुढे करता येते. तीस-चाळीस पानी इंग्रजी अहवाल करून देणारे सल्लागार हल्ली फार झालेत. खरेदीदार लेखी मागेपर्यंत त्यांना पैसे देऊ नका.

आणि या सगळ्यात जिथे कुठल्याही परक्या देशाचा हात नाही ते म्हणजे पाणी. रावेर-यावलच्या पट्ट्यात वडिलांच्या वेळची विहीर आणि आजचं बोअर यांची खोली तुम्हीच मला सांगाल. सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडाचा पट्टा आहे, पाणी पिऊन घेणारा. त्यात पुनर्भरण करायची तापीची मोठी योजना आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने त्याचा करारही केला. ती होईल तेव्हा होईल. तुमच्या पॅकहाउसच्या छतावरचं पाणी आणि फण्या धुवायच्या टाक्यांचं पाणी आज कुठे जातं? तुरटीचं, चिकाचं पाणी गाळून झाडांना देता येतं, छताचं गाळून बोअरमध्ये सोडता येतं. खर्च सोलरच्या मानाने किरकोळ. होर्मुझ उघडली काय, मिटली काय, बोअर आटलं तर पॅकहाउसला कुलूपच.

एक प्रामाणिक अडचणही सांगून ठेवतो. मदार कमी करणं आणि कार्बन कमी करणं नेहमी हातात हात घालून जात नाहीत. प्लॅस्टिक पिशव्या आणि खोके यांचा दीड महिन्याचा साठा ठेवा असं मी सांगतो, कारण कच्चं तेल उसळलं की प्लॅस्टिकचे दर आठवड्यात फिरतात. पण साठा म्हणजे जागा, भांडवल, थोडी नासाडी. दोन बाजारांसाठी दोन प्रकारचं पॅकिंग म्हणजे जास्त साहित्य. जनरेटर ठेवायचाच आहे. अहवालात हे वाईट दिसतं, दिसू द्या. पण तो साठा तुम्ही का ठेवलाय हे खरेदीदाराला सांगता आलं पाहिजे, आणि जनरेटर वर्षाला किती तास चालला हे वहीत असलं पाहिजे.

बँकेला आत्ताच हो म्हणू नका. शंभर किलोवॉटचं कर्ज तुम्हाला देतायत, दिवसाला सरासरी चारशे युनिट त्यातून मिळतील. पण पहाटेची कापणी, दारं आणि पडदे झाल्यावर तुम्हाला कदाचित सत्तर किलोवॉटच पुरतील. आधी एक महिना मोजा. रोज प्रत्येक ट्रॉलीतल्या तीन घडांच्या गराचं तापमान, सकाळी-संध्याकाळी मीटरचा आकडा, जनरेटरचे तास आणि डिझेलचे लिटर. चार रकाने, पेन दोरीने बांधून ठेवा नाहीतर तिसऱ्या दिवशी हरवतं. महिना झाला की त्या पानांचे फोटो मला पाठवा, सोलर किती किलोवॉटचं घ्यायचं ते आपण त्यावरूनच ठरवू.